लाल टोप्या आणि सरूबाईच्या फळ्या

बसायला मला अजून रबरी रिंग लागते. हवा भरायची, मधे भोक असलेली. ऑफिसात लागते, घरी लागते, मागच्या महिन्यात मेव्हण्याच्या लग्नाच्या पंगतीतही लागली. ती काखेत मारून मी निघालो की आकुर्डीच्या आमच्या सोसायटीतली पोरं विचारतात, "काका, पोहायला का?" मी हो म्हणतो. खरं सांगायला बसलो तर वेळ फार जातो आणि अब्रू त्याहून जास्त जाते. पण आता गेलीच आहे तर सांगून टाकतो.

मी रविराज, सेफ्टी ऑफिसर. मारुंजीत तीन टॉवरचं काम चाललंय तिथे. साइटवर कुणाला इजा होऊ नये हे बघणं माझं काम. त्यासाठी मी काय करतो? फोटो काढतो. सकाळची सूचना देताना फोटो, हेल्मेट वाटताना फोटो, हेल्मेट घातलेल्या माणसांचा फोटो. माझं सेफ्टी जॅकेट इस्त्रीचं असतं. सेफ्टी जॅकेटला इस्त्री करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. बायको, स्वप्नाली, म्हणायची, "तुम्ही साइटवर जाता की वरातीत?" मला तेव्हा ते कौतुक वाटायचं.

आता सळयांचं सांगतो, कारण सगळं त्यांच्यावरूनच झालं. इमारतीचा पाया भरला की त्यातून सळया वर डोकावत राहतात. पुढे त्यांच्यावर कॉलम उभा राहतो, पण तोवर कित्येक महिने त्या तशाच उभ्या असतात, टोकं आभाळाकडे करून. वरून माणूस त्यांच्यावर पडला तर काय होतं ते मी लिहीत नाही. तुम्ही जेवून वाचत असाल.

यावर कंपनीकडे उपाय होता, लाल टोप्या. प्लास्टिकच्या, अळंबीच्या आकाराच्या, सळईच्या टोकावर बसवायच्या. लांबून फार देखण्या दिसतात. आमच्याकडे टोप्या होत्या आठशे आणि सळया तीन हजारांच्या वर. पण माझं डोकं चालतं हो! तपासणीला साहेब आले की आधी ज्या बाजूला फिरणार तिथल्या सळयांना टोप्या. साहेब चहाला बसले की चार माणसं पळत जाऊन त्याच टोप्या दुसऱ्या बाजूला लावणार. साहेब चहा पिऊन तिकडे गेले की तिकडेही लालेलाल. चहाबरोबर मी मुद्दाम गरम भजी ठेवायचो, वेळ लागावा म्हणून. सळईवाल्यांचा मुकादम ज्योतीराम या प्रकाराला 'टोप्यांची बदली' म्हणायचा. "रविराजसाहेब, आज बदली कुठं हाय?" मी रागवायचो, आणि मग कुठं ते सांगायचो.

दुसरी गोष्ट त्याहून लाजिरवाणी. ही प्लास्टिकची टोपी हात खरचटू नये एवढ्यापुरती असते. वरून माणूस पडला तर ती काही थोपवत नाही, सळई तिच्यातून आरपार येते. थोपवायचं असेल तर आत लोखंडी पत्रा असलेली टोपी हवी, नाहीतर सळयांच्या ओळीवर जाड लाकूड हवं. हे मला माहीत नव्हतं का? होतं. डिप्लोमाच्या परीक्षेत हाच प्रश्न आला होता आणि त्यात मला पैकीच्या पैकी मार्क होते. पेपर देऊन बाहेर आलो तेव्हा ते उत्तर मी तिथेच ठेवून आलो.

सरूबाईला कुणी मार्क दिलेले नव्हते. ती काळेवाडीत राहायची, मूळची परभणीकडची. पंचावन्नच्या पुढची, उंचीला माझ्या खांद्याला लागेल एवढी. काम तिचं पाणी मारायचं. ताज्या काँक्रीटला दिवसातून तीनदा पाइपने भिजवायचं. तीस वर्षं हेच करत होती. हिंजवडीतल्या निम्म्या इमारती आपण पाणी पाजून मोठ्या केल्या असं ती सांगायची, आणि ते खोटंही नसावं. घरात ती आणि तिची नात अंजली, दोघीच. अंजली नर्सिंग शिकत होती आणि घर सरूबाईच्या हजेरीवर चालत होतं. म्हणजे गेटपासवर. गेटपास गेला की सगळंच गेलं.

गेटपास हा शब्द लक्षात ठेवा, कारण तो घालवायची सोय मीच केली होती. लाल कार्डाचा नियम. सेफ्टीचा नियम मोडला की एक कार्ड. तीन कार्डं झाली की गेटपास रद्द, कुणाचंही ऐकायचं नाही. कार्डाच्या तीन प्रती निघायच्या. पांढरी कामगाराच्या हातात, गुलाबी हजेरी आणि गेटपास बघणाऱ्या टाइम ऑफिसला, पिवळी माझ्या फायलीत. हा नियम काढला तेव्हा आठवडाभर माझी छाती फुगलेली होती.

जानेवारीत एकदा बी टॉवरच्या पायाच्या खड्ड्याशी गेलो तर सळयांच्या अख्ख्या ओळीवर फळ्या! सेंट्रिंगच्या जुन्या, दोन इंची, सिमेंटने बरबटलेल्या. दोन उभ्या, त्यांवर एक आडवी ठोकलेली, उलट्या पन्हळीसारखी, आणि ती पन्हळ सळयांच्या डोक्यावर तारेने आवळलेली.

"हे कुणी केलं?" मी ओरडलो.

"म्या केलं, साहेब," सरूबाई पाइप हातात धरून म्हणाली. "वरच्या वाटंनं समदे येत-जात ऱ्हातेत. येखांदा घसरला म्हंजी?"

"टोप्या आहेत ना त्याला!"

"टोपीनं काय व्हतंय, साहेब?"

आता बघा, बाईने तोच प्रश्न विचारला होता जो मला परीक्षेत आला होता. मी उत्तर म्हणून खिशातून कार्डांचं पॅड काढलं आणि तिला पहिलं कार्ड दिलं. कारण : विनापरवाना साहित्य वापरणे. फळ्या फोटोत फार घाण दिसत होत्या, हे कारण लिहायला रकाना नव्हता. फळ्या मात्र तिथेच राहिल्या.

दुसरं कार्ड कलिंगडाचं. फेब्रुवारीत जेवणाच्या सुट्टीत खड्ड्याशी गर्दी दिसली म्हणून मी धावलो. सरूबाईने मारुंजीच्या फाट्यावरून एक मोठं कलिंगड आणलं होतं. सगळ्यांना म्हणाली, बगा बरं का. आणि वरच्या वाटेवरून ते टोपी घातलेल्या सळईवर सोडून दिलं. फच्च! सळई कलिंगडातून वर आली आणि टोपीही सळईबरोबरच वर आली, तशीच लालचुटुक. मग तिने ज्योतीरामला फळ्यांकडे बोट दाखवलं आणि राहिलेलं अर्धं कलिंगड फळीवर सोडलं. ते फुटलं, पण फळीवरच राहिलं.

"म्या वाकडला बगितलंय," ती मला म्हणाली. "धा वर्सं झाली. मंजुळाबाई व्हती माज्यासंगं, पानी मारायला. टोपीवरच पडली. टोपीसकट गेली, साहेब."

मी काय म्हणालो असेन? "कामाच्या जागी खाद्यपदार्थ आणायला मनाई आहे." आणि कार्ड लिहिलं. दुसरं. वर आणखी त्या कलिंगडाची एक फोड मला ज्योतीरामने दिली ती उभ्या उभ्या खाल्ली. गोड होती. ती फोड आठवली की मला आजही स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

मग आला मार्च. चार तारखेला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. आमच्या साइटला कंपनीचं 'सर्वोत्तम सुरक्षित साइट'चं पारितोषिक जाहीर झालं होतं, आणि ते द्यायला हेड ऑफिसचे बडे साहेब येणार होते. दुसरीकडे मोकळी जागा नव्हती म्हणून मांडव बी टॉवरच्या खड्ड्याला लागून घातला. मांडववाला गणराज चिंचवडचा, हौशी माणूस. "साहेब, ते खड्ड्यातलं लोखंड लय बेकार दिसतंय," म्हणाला. मी म्हटलं, झाकून टाक. खड्ड्यावर त्याने गुलाबी सॅटिन अंथरलं, सळयांच्या डोक्यावरून, कडेला झालर लावून. वाटेच्या कडेचे लोखंडी कठडे फोटोत आडवे येत होते, ते मी काढायला लावले आणि त्यांच्या जागी गणराजने सॅटिनची फीत बांधली. हो, कठडे मी काढले. सेफ्टी ऑफिसरने, सुरक्षा दिनासाठी.

आणि फळ्याही काढायला लावल्या. आदल्या दिवशी दुपारी सरूबाईला बोलावून सांगितलं, "उद्या एकही फळी राहता कामा नये. राहिली तर तिसरं कार्ड. कळतंय ना तिसरं म्हणजे काय?"

"कळतंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "साहेब, दोनशे मानसं येनार खड्ड्याच्या कडंला. वरून कापड घातलं तर खाली काय हाय ते बी दिसनार न्हाई. फळ्या ऱ्हाऊ द्या. कार्येक्रम झाला की काढते."

"सरूबाई, विषय संपला."

सकाळी साडेनऊला मी सगळं तपासत फिरत होतो. इस्त्रीचं जॅकेट, वर गणराजने बांधलेला फेटा. हेल्मेटवर फेटा बसेना म्हणून हेल्मेट काढून ठेवलेलं. सॅटिनला एका ठिकाणी फुगवटा दिसला. कापड उचलून पाहिलं. फळ्या! ओळच्या ओळ, तारेने आवळून बसवलेली. बाई पहाटेच येऊन पुन्हा ठोकून गेली होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काय वेडा म्हणून सांगितलं होतं? तिथल्या तिथे तिसरं कार्ड लिहिलं. पांढरी प्रत खिशात टाकली, कार्यक्रम झाला की सर्वांसमोर देऊ म्हणून. गुलाबी प्रत जाता जाता टाइम ऑफिसच्या खिडकीतून आत सरकवली. मी कामात चोख आहे. फळ्या तेव्हाच उपटल्या असत्या, पण बड्या साहेबांची गाडी गेटात शिरली आणि मी हार आणायला पळालो.

भाषणं झाली. शाल झाली, श्रीफळ झालं. पारितोषिकाची ढाल माझ्या हातात आली तेव्हा खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मग शपथ. दोनशे माणसं उजवा हात पुढे करून उभी, आणि ज्योतीराम माइकवर एकेक ओळ सांगतोय. शपथ मीच लिहिलेली. मोबाइलवर फोटो काढायला मी कुणालाही देत नाही, दुसऱ्यांचे हात हलतात. म्हणून स्वतःच समोर उभा राहिलो. सगळी माणसं चौकटीत मावेनात. एक पाऊल मागे गेलो. बडे साहेब डावीकडे कापले जात होते. आणखी एक पाऊल मागे.

"मी माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या जिवाची काळजी घेईन," ज्योतीराम म्हणाला.

कमरेला सॅटिनची फीत लागली. छान मऊ होती. ती तुटली आणि मी पाठमोरा खड्ड्यात गेलो.

पडताना फार विचार येतात असं म्हणतात. मला एकच आला, कलिंगडाचा. फच्च. आणि धाडकन आपटलो. कमरेतून अशी कळ गेली की आई आठवली, आजी आठवली. वर गुलाबी कापड माझ्याभोवती गुंडाळलेलं आणि वरून दोनशे लोक वाकून बघतायत, त्यातल्या काहींचे हात अजून पुढेच. मी तोंड उघडलं ते काय बोललो माहितीये? "फोटो आला का?"

सगळ्यात आधी खाली उतरली सरूबाई. शिडी न शोधता, माती घसरत. माझ्या दोन्ही खांद्यांवर हात दाबून धरले तिने. "हलायचं न्हाई, लेकरा. अजिबात हलायचं न्हाई. कुटं ओलं लागतंय का बग." लेकरा म्हणाली ती मला. मी चाचपून पाहिलं, रक्त नव्हतं. बोटांना लागलं ते फळीवरचं जुनं सिमेंट होतं.

खिशातलं पांढरं कार्ड बाहेर पडलं होतं. सरूबाईने ते उचललं. ती वाचते, रोज पेपर वाचते, चष्मा कनवटीला असतो तिच्या. तिने चष्मा लावून कार्ड वाचलं. नाव, तारीख, कारण, माझी सही. मग घडी घातली आणि माझ्या खिशात परत ठेवलं.

"ठिवा खिशात," म्हणाली. "हरवंल."

मला वाटतं हाड तेव्हाच मोडलं असावं, त्याआधी नाही.

माकडहाड मोडलं होतं. दवाखान्यात मला दहा दिवस पालथं किंवा कुशीवर झोपवलं. तिसऱ्या दिवशी आमचे प्रोजेक्टचे साहेब आले, फुलं घेऊन. अपघाताचा अहवाल त्यांनी टाइप करून आणला होता. 'कंपनीने पुरवलेल्या टोप्यांमुळे गंभीर इजा टळली.' खाली माझी सही हवी होती.

"पारितोषिक राहील, तुमची बढतीही राहील," ते म्हणाले. "फळ्यांचं काही लिहायची गरज नाही. फळ्या आपल्या पद्धतीत बसत नाहीत."

मी सही केली नाही. शौर्याने नाही, पालथं पडून सही करता येईना म्हणून. उद्या करतो म्हटलं. एवढाच माझा पराक्रम.

त्याच संध्याकाळी ज्योतीराम आला. पिशवीतून त्याने फळीचा कापलेला तुकडा काढून माझ्या उशाशी ठेवला. "खालच्या अंगानं बगा, साहेब." मी पाहिलं. खालच्या बाजूने लाकडात तीन खळगे पडले होते, एका ओळीत. त्याने तो तुकडा माझ्या पाठीवर धरून दाखवला. एक कमरेशी, एक बरगडीखाली, एक दोन्ही खांद्यांच्या मधे. मी लहान मुलासारखा रडलो. स्वप्नालीही रडली, आणि रडता रडता मला दोन शब्द सुनावले, ते इथे लिहीत नाही.

"सरूबाई आली नाही का रे?" मी विचारलं.

ज्योतीराम म्हणाला, "तिला गेटावरच अडीवलं, साहेब. दुसऱ्याच दिवशी. तुमची गुलाबी पावती टाइम ऑफिसात व्हती न्हवं? तीन झाली. गेटपास गेला. आमी बोललो, भांडलो, पर ते म्हनत्यात साहेबाची सही हाय."

मी कामात चोख आहे, सांगितलंच तुम्हाला.

"ती काय म्हणाली?"

"काय बी न्हाई. साहेब बरा हाय का, येवढंच इचारलं. अन् फळ्या काढू नका म्हनली."

कार्ड रद्द करायची एकच वाट होती आणि तीही मीच आखलेली. सेफ्टी ऑफिसरने लेखी कारण द्यायचं. 'चुकून दिलं' चालत नाही, असा नियम मी स्वतः घातला होता, कुणी वशिला लावू नये म्हणून. म्हणजे माझी बढती किंवा सरूबाईचा गेटपास, दोन्हींतलं एकच राहणार होतं. मी कुशीवर वळलो, स्वप्नालीने पॅड धरलं, आणि अहवाल नव्याने लिहिला. टोप्या आठशे, सळया तीन हजार, टोप्यांची बदली, भजी, काढलेले कठडे, फीत, कलिंगड, सगळं. शेवटी लिहिलं, 'मी जिवंत आहे तो सरूबाई यांनी माझा हुकूम मोडून लावलेल्या फळ्यांमुळे. तिन्ही कार्डं रद्द करावीत.' अक्षर फार वाईट आलं, पण सही नीट आली.

साहेब पुन्हा आले ते फुलं न घेता. ढाल परत गेली. बढतीचं नाव कुणी काढत नाही. नोकरी राहिली, कारण मला काढलं असतं तर का काढलं हे शोधत बाहेरच्या कुणीतरी माझा अहवाल वाचला असता.

चालता यायला लागल्यावर मी रिंग काखेत घेऊन काळेवाडीला गेलो. अंजलीने दार उघडलं, रिंगेकडे बघून हसू दाबलं. सरूबाईने पाट पुढे केला. मी तिचा परत मिळालेला गेटपास तिच्या हातात दिला आणि माफी मागितली. तयारी करून गेलो होतो, पण "सरूबाई, माझं चुकलं" एवढंच बोललो.

तिने गेटपास उलटसुलट करून पाहिला. "फळ्या हायेत का जाग्यावर?"

मला माहीत नव्हतं. दीड महिना मी साइटवर गेलोच नव्हतो. ती म्हणाली, "मंग आदी फळ्या लावा, साहेब. मी सोमवारी येते."

फळ्या अर्थातच काढलेल्या होत्या. ए, बी, सी, तिन्ही टॉवरना ज्योतीरामच्या माणसांनी आणि मी तीन दिवसांत नव्या ठोकल्या. मला वाकता येत नव्हतं, म्हणून मी खिळे धरायचो. ज्योतीराम म्हणायचा, "साहेब, फोटो?" मी त्याला शिव्या द्यायचो.

सोमवारी सकाळी सरूबाई आली. पाण्याचा पाइप घेण्याआधी ती खड्ड्याच्या कडेने चालत गेली, एकेक फळी हाताने हलवत. मी मागे, रिंग काखेत. सी टॉवरच्या कोपऱ्यावर ती थांबली.

"ही हालती."

मी हलवून पाहिली. हलत होती. तारेचा पीळ माझाच होता.

"तुमचं पॅड द्या," ती म्हणाली.

मला वाटलं काही लिहून घ्यायचं असेल. तिने चष्मा लावला, पॅड गुडघ्यावर ठेवलं आणि सावकाश, एकेक अक्षर काढत लाल कार्ड भरलं. नाव : रविराज. कारण : फळी ढिली. जीव जाईल. पांढरी प्रत फाडून माझ्या हातात दिली, गुलाबी ज्योतीरामकडे दिली टाइम ऑफिसला नेऊन द्यायला. कुणी हसलं नाही.

मी फळी आवळली. तिने पुन्हा हलवून पाहिली, मान हलवली आणि पाइप उचलून कामाला लागली.

ते कार्ड माझ्या खिशात आहे. आता माझी दोन उरलीत.